बेड कुणाचा?

—नाही हो आजी, ती नाही, मीच आहे. सारखी दाराकडे मान वळवू नका, भुवईचे टाके ओढले जातील. धाकटी नाही येणार आज. तिला खाली कपड्यांच्या खोलीत बसवलंय, चादरींच्या घड्या घालत — चौकशी होईपर्यंत पेशंटला हात लावायचा नाही म्हणून. तेव्हा माझाच हात गोड मानून घ्या. पाणी बरं आहे ना? कोपर बुडवून बघितलंय मी. आमचे हात निबर झालेले असतात, त्यांना गरम-गार कळत नाही, कोपराला बरोबर कळतं — हे तिलाही मीच शिकवलं, पण ते कोण सांगणार तुम्हाला? तुम्हाला वाटत असेल ती आईच्या पोटातूनच शिकून आली. काय म्हणता? सकाळी झालं अंग पुसून? असू दे हो. पुन्हा पुसलं म्हणून झिजणार आहात थोड्याच! वळा. माझ्याकडे, अशी, गुडघा आधी. दुखऱ्या मनगटावर भार नको. हं.

अकरा वर्षं झाली मला या वॉर्डात. नर्सिंग असिस्टंट. म्हणजे कागदावर असिस्टंट, हाक मारताना ‘अहो बाई’. बेडपॅन द्यायचं, बेडपॅन काढायचं, कुशीवर वळवायचं, पाठ पुसायची, चादर अशी ताणून लावायची की सुरकुतीला लाज वाटली पाहिजे. ती आली चार वर्षांपूर्वी. आणली कुणी? मी! मेट्रनबाईंपुढे उभी राहून मीच म्हटलं, माझी बहीण आहे, कामाला वाघ आहे, घ्या. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात ना, ते आमच्या घरात डोकावूनच म्हटलं असणार कुणीतरी. पुढे काम करता करता नर्स होता येईल असा कोर्स निघाला, तर त्याचे फॉर्म कुणी आणले? तेही मीच. एक आणायचा सोडून दोन आणले. झालं, दोघी एका बाकावर. ती प्रत्येक वर्षी पहिली. आणि मी — हात वर करा, काखेत राहिलंय — मी औषधांच्या गणितात गचकले. एका ठिपक्यापायी हो! दशांश चिन्ह एक घर चुकलं आणि कागदावरच्या पेशंटला दहापट औषध गेलं. कागदावरचा होता म्हणून वाचला बिचारा. तो पेपर पुन्हा दिला तेव्हा कुठे सुटले. अभ्यास कुणी घेतला माझा? तिनेच. जिचं शेंबडं नाक मी माझ्या फ्रॉकने पुसलं, ती स्वयंपाकघराच्या टेबलाशी पेन्सिल घेऊन बसायची आणि मला म्हणायची, “ताई, घाई नको करूस, आधी नीट वाच.” घाई नको करूस! मी तिला चालायला शिकवलंय आजी. तेव्हा मी म्हणाले होते का, घाई करू नकोस म्हणून?

तुमच्यासुद्धा तोंडात तिचंच नाव. मी ऐकलंय ना! तुम्ही त्या समोरच्या खोलीतल्या बाईंना सांगत होतात — “धाकटी सुई टोचते ते कळतसुद्धा नाही.” आता तुमचा सगळा जन्म शिवणाच्या क्लासात गेलेला, सुई धरणारा हात तुम्ही ओळखणारच. मला वाईट नाही वाटलं. म्हणजे वाटलं. पण मी काय म्हणते, सुई टोचायला लागतो एक क्षण. तुम्हाला खुर्चीतून उचलून खाटेवर कोण ठेवतं? तुम्ही ओकलात तेव्हा माझी ओंजळ पुढे झाली, तिची नाही. त्याचं कुणी नाव काढतं? आईचंही तेच. आई अंथरुणाला खिळली तेव्हा दोन वर्षं मी केलं तिचं, सगळं — सगळं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. धाकटी तेव्हा कॉलेजात. शनिवारी येऊन बसायची आणि आईची वेणी घालायची. आणि जायच्या आदल्या दिवशी आई मला काय म्हणाली? म्हणाली, “वेणी तिला घालू दे गं, तिचा हात हलका आहे.” बस्स. दोन वर्षं उपसली ती कुणी, आणि हात हलका कुणाचा! माझे हात जड का झाले, हे विचारलं का कुणी? मी धाकटीला यातलं काही बोलले नाही कधी. बोलून काय होणार? ती रडली असती. आणि ती रडली की सगळे माझ्याकडे बघतात.

पाठ थोडी लाल दिसतेय इथे, तेल लावते. दुखतंय? नाही ना. तुमची कातडी चांगली आहे.

एक विचारू? मंगळवारचं काय काय आठवतं तुम्हाला? नाही, सहज. तीन वाजता मेट्रनबाई येतील, त्या विचारतीलच — कोण होतं खोलीत, खाटेचा कठडा खाली कुणी ठेवला. तुम्हाला चष्मा नव्हता तेव्हा. चष्मा नसला की तुम्हाला सगळ्या निळ्या कपड्यांतल्या बाया सारख्याच दिसत असणार, हो ना? तसं असलं तर तसंच सांगायचं. दिसलं नाही म्हणायचं. त्यात खोटं काय?

... बघताय काय अशा? बरं. खरं सांगते. पाठ पुसायला आलेच नाहीये मी. तुम्हाला काय आठवतंय ते काढून घ्यायला आलेय. मनावर घेऊ नका, पण आलेय.

मंगळवारी तुमची खाट तिच्याकडे होती. फळ्यावर तिचं नाव. ती अंग पुसत होती तेवढ्यात मेट्रनबाईंनी बाहेरून हाक मारली. ती मला म्हणाली, “ताई, दोनच मिनिटं. पाठ झाली की कठडा वर घे.” मी पुसत होते. दार अर्धं उघडं. आणि बाहेर मेट्रनबाईंचा आवाज — त्या हळू बोलूच शकत नाहीत — “परीक्षा होऊ दे, तुला मी अतिदक्षता विभागात घेणार. शब्द टाकलाय वरती. अशी मुलगी दहा वर्षांत बघितली नाही.” दहा वर्षांत! आजी, मी त्याच बाईंच्या हाताखाली अकरा वर्षं आहे. मी तुमच्या अंगावर चादर टाकली आणि दारापाशी गेले. चार पावलं. पुढचं ऐकायचं होतं मला. माझं नाव येतंय का ते. चुकून तरी, ‘तुझी बहीणही’ असं काही. आलं नाही. उभी राहिले, म्हटलं येईल. आणि मागे धप्प आवाज झाला.

तुम्ही चष्म्यासाठी हात लांब केला असणार. की पाण्यासाठी? मला विचारायचं धाडस झालं नाही.

ती पळत आत आली. मी दारातच होते, ती मला ढकलूनच आत गेली. तुमचं डोकं हलू दिलं नाही, भुवईवर रुमाल दाबला, तुम्हाला नाव विचारलं, बोटं हलवायला लावली — सगळं पुस्तकात आहे तस्सं. मग तिने कठड्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. एकदाच. मेट्रनबाईंनी विचारलं, “बेड कुणाचा?” आणि ती म्हणाली, “माझा.” तेवढंच. मी तोंड उघडलं हो, शपथेवर सांगते, उघडलं. पण त्यातून काही बाहेर पडलं नाही. आणि पुढचं ऐकायचंय? तिला खाली पाठवलं ना, पुढच्या महिन्यातल्या आमच्या शेवटच्या परीक्षेला तिला बसू द्यायचं की नाही ते चौकशीनंतर ठरेल असं सांगितलं ना — तेव्हा क्षणभर मला बरं वाटलं. गार वाटलं इथे, छातीत. म्हटलं, आता कळेल पडणं म्हणजे काय. माझ्या पाठची बहीण ती, आणि मला बरं वाटलं.

घरी आल्यावर वाटलं आता भांडेल, शिव्या देईल. मी तयारच होते, माझ्या मनात सगळी उत्तरं जुळवलेली. तर बाईसाहेब हात धुऊन टेबलाशी बसल्या आणि म्हणाल्या, “ताई, दशांशाची गणितं पुन्हा एकदा घेऊ या का?” मी उठून मोरीत गेले आणि नळ सोडून बसले. निदान भांडायचं तरी! तेवढंही देत नाही मला. चांगुलपणातसुद्धा पहिला नंबर तिचाच हवा. आता जन्मभर ती मला काही बोलणार नाही, आणि मी जन्मभर ते न बोललेलं ऐकत राहायचं. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. पण केस कुणाचा आणि गळा कुणाचा ते मात्र—

काय? काय म्हणालात?

पुन्हा सांगा. कोण आलं होतं? सकाळी? घरच्या कपड्यांत? पेशंटला भेटायच्या वेळात, पाहुण्यांसारखी... आणि काय म्हणाली? थांबा, थांबा, दम घ्या. पाणी घ्या आधी, एक घोट.

“माझंच नाव सांगा” म्हणाली. म्हणजे तिचं. तुम्ही मला ओळखलं होतंत? चष्म्याशिवाय? आवाजावरून... हो, मी पाठ पुसताना पुटपुटते, खोड आहे. म्हणजे तुम्हाला पहिल्यापासून ठाऊक होतं, आणि मी इथे तासभर तुमच्या पाठीला तेल चोळतेय. आणि ती काय म्हणाली, “ताई एकदा नापास झालीये, आता हे वर्ष गेलं तर ती पुन्हा बसायची नाही. मी बसेन.” असंच म्हणाली? ‘मी बसेन’?

कीव करते माझी. बघितलंत? माझी कीव करते ती!

रडत नाहीये मी. साबण गेलाय.

आणि खरं आहे हो तिचं. मी नसतेच बसले पुन्हा. तेवढं ओळखते मेली मला.

नको. तुम्ही काही सांगायचं नाही आजी. तिचंही नाही, माझंही नाही. तुमच्या गळ्यात का बांधायचं आमचं लोढणं? मी बसेन की नाही ते तिने नाही ठरवायचं. वर्ष जाईल तर माझं जाईल, माझं आहे ते. तिच्या उपकाराखाली मी नाही म्हातारी व्हायची. मोठेपणा नाहीये हा, उगाच डोळ्यांत पाणी आणू नका. मला तिचं हे एवढं चांगलं असणं सहन होत नाही, म्हणून सांगणारेय मी. कारण काही का असेना.

आल्या. तीनला ठोका पडायच्या आत येतात. या, मेट्रनबाई. झालंच आहे माझं, फक्त गाऊनचा बंद बांधते. नाही, आजींना नका विचारू. मंगळवारचं मी सांगते तुम्हाला. आणि ही मागे कोण, हिलाही आणलंत? बरं झालं. उभी राहा तिथे—

गप गं! तू नाही बोलायचंस. प्रत्येक वेळी आधी तूच. आज मी आधी.