बर्लीची अर्धी चिठ्ठी

(पाइपच्या तंबाखूचा एक छोटा कारखाना. वरच्या मजल्यावरची चव-खोली. दुपारचं जेवण नुकतंच झालेलं.)

भाची: नाही नाही नाही! हात मागे घे, मामा. दीड वर्ष या पानांची उठबस मी केलीय. डबा मीच उघडणार.

मामा: घे बाई. तुझा मान तुला.

भाची: आणि असा चेहरा करू नकोस. दाताच्या डॉक्टरकडे आल्यासारखा.

मामा: माझा चेहराच असा आहे. तू तपासणीची चिठ्ठी घे आणि वर लिही, 'परीक्षक जेवलेला आहे.' रिकाम्या पोटी बर्ली जातीची कडक तंबाखू ओढणाऱ्याला ती खुर्चीसकट गरागरा फिरवते.

भाची: लिहिलं. 'दोनदा वाढून घेऊन जेवलेला आहे,' असंही लिहू?

मामा: नाकानं कांदे सोलू नकोस. पुढचं लिही. काय काय आहे यात?

भाची: काही नाही!

मामा: काही नाही म्हणजे?

भाची: म्हणजे बर्ली आणि बर्ली आणि बर्ली. साखरपाणी नाही, व्हॅनिला नाही, अत्तराचा थेंब नाही. सावलीत टांगून नुसत्या वाऱ्यावर वाळवलेली पानं, एक वर्ष दाबून ठेवली आणि कापली. बास. लोक बर्लीला भर म्हणून वापरतात ना, हिच्यात काहीही मुरतं म्हणून? मी म्हटलं, हिच्यात काहीच मुरवायचं नाही. हिचं हिलाच बोलू दे.

मामा: आणि ती तुझ्यासारखी बोलली तर?

भाची: तर सोमवारी यंत्रावर! मामा, तू हसतोयस, पण अर्ध्या तासात मालकीणबाई चिठ्ठी न्यायला येणार. तुझी सही झाली तर हे माझं पहिलं मिश्रण. माझं स्वतःचं. नाही झाली तर सगळी गाठोडी दुसऱ्या कुणाच्या तरी मिश्रणात भर म्हणून जाणार. म्हणून आता नीट हुंग आणि बोल.

मामा: तू आधी बोल.

भाची: नेहमी मीच का आधी?

मामा: शिकाऊ माणसानं आधी बोलायचं, म्हणजे चुकायला मोकळीक राहते.

भाची: बरं. डबा उघडल्या उघडल्या... लाकडाचा भुसा. नवा नाही, जुन्या सुताराच्या दुकानातला. मग भाजलेले शेंगदाणे, सालीसकट. आणि मग—

मामा: कोको.

भाची: मी म्हणायच्या आधीच? तू तर डब्यावर वाकलाही नाहीस!

मामा: बर्लीला कोको असायचाच. तीस वर्षं काय झोपा काढल्या मी इथे? चल, पाइप भर.

भाची: भरते. खाली सैल, वर जरा घट्ट. बघ, भरायला येतं मला, फक्त ओढायला बंदी.

मामा: तुझ्या आईला शब्द दिलाय मी. 'पोरीला कामाला नेतो, पण पाइप तिच्या ओठांना लागणार नाही.' ओढायचं मी, हुंगायचं तू.

भाची: आणि खोकायचंही तूच. हं, घे. पहिली काडी.

मामा: राख दाबायला दाबणी दे. ...दुसरी काडी.

भाची: काय?

मामा: थांब.

भाची: थांबले. काय?

मामा: पोरी, दोन झुरके तरी घेऊ देशील? ...हं. स्वच्छ आहे.

भाची: खरंच?

मामा: एकदम स्वच्छ. लिही, 'धुरात परका वास नाही.'

भाची: 'धुरात परका...' थांब. मामा, थांब जरा. हा कसला वास? अय्या! व्हॅनिला! हा पाइप... अरे देवा, हा खालच्या रांगेतला! काल सगळे पाइप धुऊन मीच खिळ्यांना अडकवले. वरची रांग साध्या तंबाखूची, खालची गोड तंबाखूची, आणि मी अदलाबदल केली! लाकडात वर्षभराचा व्हॅनिला मुरलाय, खोलीत नुसता केक भाजल्यासारखा वास सुटलाय. टाक तो, मामा, टाक! माझी बर्ली त्यात—

मामा: दुसरा भर.

भाची: तू 'स्वच्छ' म्हणालास.

मामा: दुसरा पाइप भर म्हटलं ना.

भाची: असा पाइप दिला म्हणून पहिल्या वर्षी तू तो खिडकीतून बाहेर फेकला होतास. खाली माळीबुवा थोडक्यात वाचले. आणि आज तू 'स्वच्छ' म्हणालास.

मामा: खिडकी बंद आहे आज.

भाची: मामा, तुला वास येत नाहीये.

मामा: ...नाही.

भाची: सर्दी झालीय?

मामा: तो ताप आला होता ना मला? त्यातून उठलो त्या सकाळी अंघोळीला साबण हातात घेतला, तर वाटलं दगड घेतलाय. तेव्हापासून नाही. साबण नाही, चहा नाही, ही खोली नाही.

भाची: त्या तापाला तीन महिने झाले!

मामा: हळू बोल. जिन्याला कान आहेत.

भाची: तीन महिने? मधे सात मिश्रणं गेली, मामा! सातांवर तुझी सही आहे. सही कशावर केलीस तू? खिडकीबाहेरच्या झाडाकडे बघून?

मामा: तुझ्या टिपणांवर.

भाची: कुठल्या टिपणांवर?

मामा: ओढायच्या आधी तू कच्च्या पानाचा वास लिहितेस, नंतर खोलीतल्या धुराचा. ते वाचायचं. पुन्हा वाचायचं. आणि खाली सही करायची.

भाची: पण तू तर... मला वाटलं तू वाचतच नाहीस! आधी कसा लाल पेन्सिलीनं कागदाचा नकाशा करायचास. 'हे ओलं गवत नाही, वाळलेलं गवत', 'उगाच फुलं आणू नकोस'. आणि तीन महिने एकसुद्धा लाल रेघ नाही. मी आईजवळ रडले, मामा. म्हटलं, मामाचा माझ्यावरचा जीवच उडाला.

मामा: वेडी आहेस.

भाची: आहेच! सांगितलं नाहीस तर वेडीच राहणार!

मामा: ते बुरशीचं गाठोडं आठवतं? तू लिहिलंस, 'कोपऱ्यात ओल्या गोणपाटाचा वास, घेऊ नये.' व्यापारी माझ्यासमोर शपथा घेत होता. मी हुंगलं. काही नाही. वरून पान तर रेशमासारखं. मनात म्हटलं, पोरगी म्हणते ना? मग नको. परत पाठवलं. नंतर त्यानं ते दुसऱ्या कारखान्याला विकलं, आणि त्यांचे डबे उघडले तेव्हा आत लव धरली होती. आपली सात गेली, त्यातला एकही डबा परत आला नाही. सांग, माझा जीव उडालाय का?

भाची: ...मला काय बोलावं कळत नाहीये.

मामा: चला. एकदा तरी.

भाची: चेष्टा नको. मला अजून राग आलाय. राग आलाय आणि... तू माझ्या नाकावर सही केलीस? माझ्या? मी बारावीत दोनदा आपटले तेव्हा सगळे म्हणाले, हिला काही जमायचं नाही. तू तेवढा म्हणालास, 'हिला डबा न उघडता आतलं कळतं, मी नेतो हिला.'

मामा: खोटं नव्हतं ते.

भाची: अरे, जिना वाजतोय! त्याच आहेत. ऐक, पटकन. हा चांगला पाइप. तू फक्त ओढ आणि मान हलव. मी हळूच सांगते, तू मोठ्यानं म्हण. तीन महिने चाललंच ना? आणखी एकदा!

मामा: नाही.

भाची: मामा, तुझी नोकरी आहे! आणि माझं मिश्रण!

मामा: म्हणूनच नाही. ती सात दुसऱ्यांची होती, तिथे तुझं नाक चाललं. हे तुझं आहे. आपलं पोर सगळ्यांनाच गोरं दिसतं. तुझ्याच नाकानं तुझं मिश्रण पास करून वर माझी सही ठोकली, तर आयुष्यभर तुला कळणार नाही, ते खरंच चांगलं होतं की मामानं ढकललं होतं.

मालकीणबाई: काय ढकललं, मास्तर? आणि केक कोण भाजतंय इथे?

भाची: मी! म्हणजे पाइप. म्हणजे चुकून—

मामा: बाईसाहेब, बसा. मला तापानंतर वास येत नाही. तीन महिने झाले. तुमच्यापासून लपवलं.

मालकीणबाई: ...मी उभीच बरी आहे. तीन महिने?

मामा: हो.

मालकीणबाई: आणि सह्या?

मामा: या पोरीच्या टिपणांवर. तिला माहीत नव्हतं. तिला आत्ता, तुमच्या आधी पाच मिनिटं कळलं.

भाची: पाच पण नाही.

मालकीणबाई: तू गप्प बस. मास्तर, मला का नाही सांगितलं?

मामा: तुमच्या वडिलांनी मला दारातच विचारलं होतं, 'काय येतं?' मी म्हटलं, 'वास.' ते हसले आणि म्हणाले, 'या आत.' तेच गेलं, तर आत राहायचं तोंड कुठून आणू?

मालकीणबाई: तोंड नाही म्हणून तीन महिने तोंड उघडलं नाहीत. छान! एखादं मिश्रण नासकं निघालं असतं तर? डब्यावर नाव माझं असतं.

मामा: खरंय. चूक माझी आहे. आज राहा म्हणा, जा म्हणा. पण मी मोडीत निघालो म्हणून हिचं मिश्रण मोडीत काढू नका. माझ्याजवळ आहे तेवढ्यानं मी ते तपासतो.

मालकीणबाई: काय उरलंय तुमच्याजवळ?

मामा: गळा. जीभ. बोटं. कान. गोड सुवासिक मिश्रण आणलं असतंत तर मी आजच घरी गेलो असतो. पण कडक बर्लीची ताकद गळ्यात कळते, बाईसाहेब, तिला नाक लागत नाही. काडी दे गं.

भाची: हा वरच्या रांगेतलाच आहे. तीनदा हुंगला.

मामा: ...हं.

मालकीणबाई: काय?

भाची: तो असाच करतो. दोन झुरके थांबावं लागतं.

मामा: लिही. जिभेच्या टोकाला चावत नाही. चव कडसर, पण कडूजहर नाही. गळ्याला लगेच काही नाही... आता आली. उशिरा येते आणि छातीपर्यंत उतरते. भरलेल्या पोटीसुद्धा कपाळावर घाम आलाय, हा बघ. नवख्यानं ओढू नये, असं डब्यावर छापा. राख पांढरी, भुरभुरीत. पान चांगलं पिकलंय.

भाची: आईशपथ!

मामा: पुढे लिही. पाइप तापतोय. हाताला चटका बसतोय. आणि आत तडतड ऐकू येतेय, ऐक.

भाची: ...हो.

मामा: काप बारीक झालाय. किती धरला होतास?

भाची: अर्धा मिलिमीटर. पटकन पेटावी म्हणून.

मामा: पटकन पेटते आणि पळत सुटते. जिला वर्षभर दाबून शांत केलीस तिला शेवटी चाबूक कशाला मारलास? दुप्पट जाड काप. मग पुन्हा ओढतो. आज मी पास करत नाही.

भाची: ...बरं.

मालकीणबाई: बरं? भांडणार नाहीस?

भाची: कशी भांडणार? बरोबर आहे त्याचं. तडतड मलाही आली होती ऐकू, परवाच. मीच म्हटलं, चालतंय. चाललं असतंही... पण मला चालणारं नकोच होतं.

मालकीणबाई: आण तो डबा इकडे. मला काही कळत नाही म्हणा, पण... अक्रोडाची टरफलं?

भाची: हो! हो, मालकीणबाई, टरफलंच! मी शेंगदाणे लिहिले होते, पण टरफलं जास्त बरोबर!

मालकीणबाई: ओरडू नकोस. सोमवार राहू दे. गुरुवारी जाड काप करून दाखव. मास्तर, इथून पुढे चिठ्ठीवर दोन सह्या. वासाखाली हिची, बाकीच्याखाली तुमची. हिचं स्वतःचं मिश्रण असेल तेव्हा वासाला मी येईन, टरफलं तरी ओळखता येतात मला.

मामा: बाईसाहेब...

मालकीणबाई: माझा राग गेलेला नाही, तो महिनाभर राहील. डॉक्टरला दाखवलंत?

मामा: नाही अजून.

मालकीणबाई: उद्या सकाळी जायचं. नाही गेलात तर या खोलीला कुलूप घालून किल्ली विहिरीत टाकीन. आणि तुम्ही हाताशी धरून हिला तयार केलंत, त्याबद्दल... ते राग गेल्यावर बोलू. येते मी.

भाची: ...गेल्या. मामा! राहिलास तू! दोन सह्या! माझी सही! मला माझी सहीच नीट येत नाही, शेपटीसारखी जाते कुठेतरी. आज घरी शंभरदा गिरवते. मामा, ऐकतोयस ना? मी तुला एकदा म्हणणार आहे, परत म्हणणार नाही. थँक्यू. नापास केलंस त्याच्याबद्दल पण.

मामा: मी काय म्हणू तुला? तीन महिने माझं घर तू चालवलंस, आणि वर मी तुलाच कळू दिलं नाही.

भाची: काही नको म्हणूस. घाम पूस आधी. पाणी पी. खिडकी उघडते.

मामा: खिडकी राहू दे. डबा घे इकडे.

भाची: आता कशाला? चिठ्ठी तर झाली.

मामा: चिठ्ठीसाठी नाही. तुझं पहिलं मिश्रण आहे, आणि मला ते कसं आहे माहीत नाही. सांग मला.

भाची: काय सांगू? भुसा, टरफलं, कोको...

मामा: ते कागदावरचं झालं. मला सांग.

भाची: ...बरं. डोळे मीट. शाळा सुटलीय. वर्गात कुणी नाही. बाकावर दिवसभराचं ऊन पडून गेलंय आणि लाकूड अजून कोमट आहे. तू बाकाचं झाकण उचलतोस... आत जुन्या वह्या आहेत, आणि कुणीतरी विसरलेलं चॉकलेट, कागदात गुंडाळलेलं...

मामा: हळू सांग. मला घेऊ दे.