अण्णांच्या हाती लागलेला सामुराई

हसू नका, पण एका सामुराईपायी माझं कशात लक्ष लागेना झालं होतं. जपानी कॉमिक, भागामागून भाग. गुरू आणि शिष्य तलवारी उपसून समोरासमोर उभे, आणि नेमका तिथेच भाग संपला! शेवटचा भाग तातडीने मागवला, तर घाईत पत्ता गेला सासऱ्यांचा. ते बसवनगुडीत, मी शहराच्या दुसऱ्या टोकाला सर्जापूर रोडला. पार्सल पोचल्याचा मेसेज आला तसा मी मीटिंगमधून उठलो आणि जिन्यात जाऊन फोन लावला.

"अण्णा, माझं पार्सल आलंय ना? उघडू नका हं."

"उघडलं की हो! चित्रं काय सुरेख आहेत. वाचतोच आहे."

"शेवट सांगू नका, प्लीज!"

"छे हो जावईबापू, शेवट कुठला? आत्ता कुठे पहिलं पान उघडलंय."

हुश्श केलं.

"सुरुवात मात्र स्वल्प विचित्र आहे," अण्णा म्हणाले. "पहिल्याच पानावर शिष्य बर्फात मरून पडलाय, आणि गुरू त्याचं डोकं मांडीवर घेऊन रडतोय."

मी पायरीवर बसलोच. आपलं पुस्तक जिथे संपतं, तिथून जपानी पुस्तक सुरू होतं. अण्णांनी ते आपल्या सवयीने उघडलं होतं.

"अण्णा, पुढचं काही सांगू नका."

"सरी, सरी, नाही सांगत. आणि शेवट तर मुळीच सांगणार नाही. तुम्ही निवांत राहा!"