हर्मेलिंदाचं गाव

तोरेओन स्टेशनात तिकिटाच्या रांगेत म्हातारा क्रेसेन्सियो उरुतिया उभा होता. क्रांतीच्या धामधुमीत याच दरोडेखोराच्या नावाने गावं ओस पडायची. सरकारची माफी मिळूनही सान इसिद्रोला जायचं धाडस त्याला आजवर झालं नव्हतं. पुढे एक बाई नव्या भावजयीला सासरी नेत होती.

"उरुतिया येईल म्हटलं की अजून पोरं गप्प बसतात, वहिनी."

"एवढा वाईट होता, वन्सं?"

"गावची चक्की जाळली मेल्याने. हात सोलवटेपर्यंत पाट्यावर मका वाटला आम्ही."

"आणि ती हर्मेलिंदा? त्याच्यासाठी थांबली होती म्हणे."

"चांगली स्थळं परतवली वेडीने. लढाई संपली की येतो म्हणाला होता ना! दर रविवारी केसांना रिबीन बांधून दारात बसायची."

"अजून बसते?"

"नाही गं. या ईस्टरच्या आधी तापाने गेली."

दोघी तिकिटं घेऊन बाजूला झाल्या. खिडकीतून आवाज आला, "कुठलं तिकीट, बाबा?"

"सान इसिद्रो."

"अगंबाई, आमचंच गाव!" ती बाई वळून म्हणाली. "कुणाकडे जाताय?"

त्याने डोक्यावरची टोपी काढली.

"आता कुणाकडेच नाही, पोरी."