डोळे मिटून ऐकलेला आवाज

आवाज अगदी सेम टू सेम म्हणतात ना, त्याचंच सांगते. आमच्या नारायणगुड्यातल्या मुरलीकाकांचा आवाज एका फार मोठ्या गायकासारखा होता. दर गणपतीत ते गायला बसले की आम्ही सगळे डोळे मिटून घ्यायचो. शेजारचे रहीमभाई म्हणायचे, "क्या गाते साब तुम! कॅसेट लगाए जैसा!" काका नुसते हसायचे.

गेल्या महिन्यात काका गेले. तेराव्याला काकू म्हणाल्या, "त्यांचं एखादं गाणं लावा रे कुणीतरी. आवाज ऐकावासा वाटतोय."

सगळ्यांनी फोन काढले. वाढदिवसांचे, हळदीकुंकवाचे, विसर्जनाचे ढीगभर व्हिडिओ निघाले. काकांचं गाणं मात्र एकाकडेही नव्हतं. त्या मोठ्या गायकाची गाणी घरोघरी असताना काकांचं रेकॉर्डिंग करावं, असं कुणाला वाटलंच नव्हतं.

शेवटी माझ्या नवऱ्याने काकांचं नेहमीचं गाणं त्या गायकाच्या आवाजात लावलं. सवयीने आमचे डोळे मिटले.

एक कडवंही झालं नसेल. काकू म्हणाल्या, "बंद कर ते. हा कोण गातोय?"