ऑगस्टचं माप

सिर्पा : डाव्या डोळ्याची बाहुली उजवीपेक्षा किंचित सावकाश लहान होते. पहिल्या दोन वेळा मला भास वाटला, तिसऱ्यांदा दिवा जवळ आणला तेव्हा खात्री झाली. हनुवटी खाली घे.

इलारी : किंचित म्हणजे चांगलं की वाईट, डॉक्टर?

सिर्पा : किंचित म्हणजे किंचित. काही जणांची जन्मापासून तशी असते. उजेड खुपला का?

इलारी : नाही.

सिर्पा : मग डोळ्याला पाणी का आलं?

इलारी : तुमच्या हातांना औषधाचा वास येतो.

सिर्पा : बारा वर्षं येतोय. आजच पाणी आलं. थांब, पडदा ओढते. बाहेर बर्फावर ऊन पडलं की या खोलीत आरसा धरल्यासारखं होतं.

इलारी : मार्चमध्ये सगळं गाव बाकांवर बसून उन्हाकडे तोंड करतं. मी टोपी भुवयांपर्यंत ओढून भिंतीच्या कडेने चालतो. काल दुकानातल्या बाईंनी विचारलं, चोरी करून आलास का?

सिर्पा : काय सांगितलंस?

इलारी : म्हटलं, हो, तुमच्याच दुकानातून.

सिर्पा : उभा राहा. बूट काढ. एका पायावर, डोळे मिटून. भिंतीला हात लावायचा नाही.

इलारी : नाही लावला.

सिर्पा : खांदा टेकवलास.

इलारी : भिंत जवळ आली.

सिर्पा : बस. आता महिने उलटे सांग. डिसेंबरपासून.

इलारी : डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर, सप्टेंबर, ऑगस्ट, जून... नाही. जुलै. जुलै, जून, मे, मार्च, फेब्रुवारी, जानेवारी.

सिर्पा : एप्रिल राहिला.

इलारी : एप्रिल आपल्याकडे असतोच कुठे, सगळा चिखल.

सिर्पा : मघाशी पाच शब्द सांगितले होते. आठवतील तेवढे सांग.

इलारी : बादली. सफरचंद. आणि... काहीतरी लाकडाचं. शिडी. बादली.

सिर्पा : बादली झाली.

इलारी : मग एवढेच.

(रौली दार अर्धवट उघडून डोकं आत घालतो. अंगात सरावाचा घामट सदरा, पायात आइस हॉकीचे स्केट.)

रौली : डॉक्टर, टाचेला लावायची ती जाड पट्टी आहे का? अरे. तू आहेस होय.

इलारी : मीच.

रौली : बरा दिसतोस.

इलारी : अंधारात सगळेच बरे दिसतात.

रौली : दाढी काय वाढवलीस. माझ्यापेक्षा दाट आली.

इलारी : हंगाम संपल्याशिवाय काढायची नाही ना.

रौली : हो, पण ती खेळणाऱ्यांनी वाढवायची. तू नुसता बसून वाढवतोस, म्हणून दाट येते. ही पट्टी घेतो, डॉक्टर. कालेव्ही कोच सकाळपासून डोकं खातोय, इलारीचं काय, इलारीचं काय. माझ्या जोडीला आज आन्सी दिलाय. मी डावीकडे म्हणतो, तो उजवीकडे जातो. मग सॉरी म्हणतो. सभ्य मुलगा आहे, पण चकती सॉरी ऐकत नाही.

सिर्पा : कालेव्हीला सांग, अजून थोडा वेळ लागेल.

रौली : त्याला सामानवाल्यांना निरोप द्यायचाय. उद्या हरलो तर आपण घसरून खालच्या साखळीत. म्हणजे तुम्हाला माहीतच आहे. येतो. बरं का, इलारी.

इलारी : बरं.

सिर्पा : दार नीट लावून जा. गेला. किती हंगाम जोडीने खेळता तुम्ही?

इलारी : सहा. मागे वळून न बघता चकती मागे सोडायची, तो तिथे असायचाच.

सिर्पा : या तीन आठवड्यांत तुझ्या घरी आला?

इलारी : दुखापत झालेल्या माणसाकडे कुणी येत नाही, डॉक्टर. रागाने नव्हे. लागण झाल्यासारखं वाटतं. रौलीचा गुडघा गेला होता तेव्हा मी त्याला बाजारात पाहिलं आणि मासळीच्या गाळ्यामागे जाऊन उभा राहिलो, तो जाईपर्यंत. हातात दोन पेर्च मासे घेऊन. मला पेर्च आवडतही नाही.

सिर्पा : आणि सौनात, वाफ घ्यायला?

इलारी : सगळे गेल्यावर जातो. तोवर दगड निवत आलेले असतात. पाणी टाकलं तर नुसतं ओलं होतं, वाफ येत नाही.

सिर्पा : तुला सौना बंद सांगितली होती मी.

इलारी : म्हणून तर निवलेल्या सौनात जातो.

सिर्पा : बायको काय म्हणते?

इलारी : हेन्ना टाम्पेरेत असते, मुलीबरोबर. विल्याची शाळा मध्येच सोडवायची नाही असं ठरलं होतं. तिला वाटतं खांदा दुखावलाय.

सिर्पा : तिला तसं का वाटतं?

इलारी : क्लबने काय जाहीर केलं? शरीराच्या वरच्या भागाला मार. नेहमीसारखं. डोकं हा शब्द आपण उच्चारतच नाही, नाहीतर समोरचा संघ तिथेच येऊन धडकतो. तिने पेपरात वाचलं आणि फोनवर विचारलं, खांदा का? मी म्हटलं, हो. तेव्हापासून रोज विचारते, हात वर जातो का. मी म्हणतो, जातो.

सिर्पा : जातोच.

इलारी : जातो ना. तेवढं खरं बोलतो. विल्या आता वाचायला शिकलीय. गोष्ट वाचून रेकॉर्ड करते आणि पाठवते. मी फोन उलटा ठेवून ऐकतो, पडद्याचा उजेड सोसत नाही. पण एका गोष्टीला तीन-चार वेळा बसावं लागतं. मधेच कोल्हा येतो आणि मला कळत नाही हा कुठून आला. फोनवर तिला विचारतो, ती म्हणते, बाबा, हे तू काल पण विचारलंस. आता मी विचारत नाही. फोनही कमी करतो.

सिर्पा : इलारी, तुझे आजचे गुण काढले मी.

इलारी : आणि?

सिर्पा : ऑगस्टमध्ये बर्फावर उतरण्याआधी सगळ्यांची घेतली होती ना ही चाचणी, धडधाकट असताना? तेव्हाचे तुझे गुण आणि आजचे जवळजवळ सारखे आहेत. एखादा इकडे, एखादा तिकडे.

इलारी : हं.

सिर्पा : नियमाप्रमाणे याचा अर्थ, तू मूळ जागेवर आलास. कालेव्हीला हे सांगितलं तर तो मला उचलून घेईल. जानेवारीत मैदानाच्या कोपऱ्यातल्या काचेवर डोकं आपटलं होतंस, तेव्हाही चार दिवसांनी गुण ऑगस्टएवढे आले आणि मी तुला सोडलं. तू आनंदाने शीळ घालत गेलास. आज बोलत का नाहीस?

इलारी : थकलो.

सिर्पा : बाहुली सावकाश. एका पायावर उभं राहवत नाही. मुलीची गोष्ट लक्षात राहत नाही. आणि गुण मात्र जागेवर. दोन्ही एकाच वेळी खरं कसं असेल? माझं माप तरी चुकतंय, नाहीतर तू तरी.

इलारी : असतं एखाद्या वेळी.

सिर्पा : ऑगस्टचा कागद माझ्यासमोर आहे. तेव्हाही एप्रिल राहिला होता. तेव्हाही पाचातले तीन शब्द. आठ आठवडे उन्हाळ्याची सुट्टी घालवून, तलावाकाठी मासे मारून आलेला माणूस. मी तेव्हा विचार केला होता, हा रात्री जागला असेल.

इलारी : जागलो नव्हतो.

सिर्पा : मग?

इलारी : सगळेच करतात, डॉक्टर. कुणी करत नाही असं म्हणाला तर तो खोटं बोलतोय. माझ्या पहिल्या संघातल्या म्हाताऱ्या खेळाडूने शिकवलं होतं. ऑगस्टमध्ये जरा वेड घेऊन पेडगावला जायचं. गुण कमी ठेवायचे. मग हिवाळ्यात डोक्याला मार बसला तरी तेवढे गुण सहज मिळतात, आणि कुणी बाहेर बसवत नाही.

सिर्पा : एप्रिल मुद्दाम गाळलास.

इलारी : मुद्दाम. दोन शब्द मुद्दाम विसरलो. त्यातला एक चमचा होता. तुम्ही म्हणाल तर ऑगस्टचे पाचही सांगतो.

सिर्पा : आणि आज?

इलारी : पाणी आहे का इथे?

सिर्पा : इलारी, आज काय गाळलंस?

इलारी : काही नाही. आज जीव तोडून प्रयत्न केला.

सिर्पा : पाणी घे.

इलारी : तुम्ही शब्द सांगत होता तेव्हा मी प्रत्येकाचं चित्र केलं डोक्यात. बादली विहिरीशी ठेवली. शिडी लावली. सफरचंद वर ठेवलं. आणि परत गेलो तेव्हा पुढचं अंगणच नव्हतं. एप्रिल गाळला हे तुम्ही सांगेपर्यंत मला कळलं नव्हतं. मग विनोद केला.

सिर्पा : म्हणजे जानेवारीत मी तुला चुकीच्या मापावर सोडलं.

इलारी : माप मी चुकवलं. तुमचा काय संबंध?

सिर्पा : माझाच संबंध. माझ्या मनात शंका होती आणि मी आकड्यावर विश्वास ठेवला. ते माझं मी बघेन. फेब्रुवारीत सरावात आन्सीचं कोपर डोक्याला लागलं, तेव्हा तू आधीच बरा नव्हतास.

इलारी : त्याला सांगू नका. तो सॉरी म्हणून म्हणून मरेल.

सिर्पा : आणखी कोण कोण करतं हे?

इलारी : ते विचारू नका.

सिर्पा : आज विचारत नाही. येत्या ऑगस्टमध्ये सगळ्यांना चाचणीला वेगळ्या तऱ्हेने बसवीन. उद्याचं सांगते. उद्या तू खेळत नाहीस. हे माझं काम आहे, त्यात तुझं मत नको.

इलारी : उद्या हरलो तर?

सिर्पा : तर हरलो. गाव दोन वर्षं कुरकुरेल आणि तरीही सामन्याला येईल. हिवाळ्यात दुसरं आहे काय इथे?

इलारी : आणि उद्यानंतर?

सिर्पा : ते माझ्या हातात नाही.

इलारी : उन्हाळाभर विश्रांती घेतली तर? खरी विश्रांती. बर्फ नाही, व्यायाम नाही. तलावाकाठचं घर, हेन्ना, विल्या.

सिर्पा : खूप सुधारशील, असं मला वाटतं. बहुतेक जण सुधारतात.

इलारी : मग सप्टेंबरमध्ये?

सिर्पा : सप्टेंबरमध्ये तू कोपऱ्यात चकतीमागे जाशील आणि मागून दोघं येतील. तेव्हा काय होईल ते मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. माहीत आहे म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नकोस, मग तो क्लबचा असो की डॉक्टर असो.

इलारी : कालेव्हीने आणखी दोन वर्षांच्या कराराचं विचारलंय. नाताळापासून मी उद्या सांगतो, उद्या सांगतो म्हणतोय. हेन्नालाही तेच. तिला वाटतं मी ऐटीत ताणून धरतोय.

सिर्पा : आणि तुला?

इलारी : मला दुसरं काही येत नाही, डॉक्टर. नम्रपणा नाही हा. सोळाव्या वर्षी शाळा अर्धी सोडली. मी मागे सरकत खेळायला शिकलोय, समोरचा येतोय त्याच्याकडे तोंड करून मागे मागे. ते जगात दुसरीकडे कुठे लागतं?

सिर्पा : मला सुचत नाही. खोटं कशाला सांगू?

इलारी : तुम्ही निदान म्हणायचं तरी, काहीतरी सापडेल.

सिर्पा : सापडेलही. पण आधी तुला ती कोल्ह्याची गोष्ट एका बैठकीत ऐकता यायला हवी. मी एवढ्याच गोष्टीची डॉक्टर आहे.

इलारी : संघाचे लोक... त्यांना सोडून जातोय असं होईल.

सिर्पा : ते दुसऱ्या खोलीत कॉफी पितायत. वास इथपर्यंत येतोय. तू इथे बसलायस.

इलारी : हो. वेलचीचा पाव पण आहे.

सिर्पा : दार वाजतंय. येऊ देऊ का?

इलारी : येऊ द्या.

रौली : डॉक्टर, परत मीच. कालेव्हीने पाठवलं. उद्याची नावं द्यायची आहेत आणि सामानवाले विचारतायत, इलारीच्या स्केटना धार लावायला घेऊ का. त्याला नेहमी जास्त खोल लागते, वेळ जातो.

सिर्पा : मी सांगू का, इलारी?

इलारी : नको. रौली, आत ये. बस.

रौली : बसत नाही रे, स्केट घातलेत, बाईंची फरशी जाईल.

सिर्पा : जाऊ दे फरशी. बस.

रौली : काय झालं? खांदाच आहे ना?

इलारी : खांदा नाही. धार लावू नका म्हणावं.

रौली : बरं. उद्यापुरतं ना?

इलारी : उद्यापुरतं नाही. मी खेळणं सोडतोय, रौली.