बाळाच्या कमरेला

(फ्रीमाँट, कॅलिफोर्निया, १९८४. संजीवच्या सासऱ्यांचं गॅरेजमधलं वर्कशॉप. मुलाकडे राहायला भारतातून आलेल्या लताबाई दारात उभ्या.)

लताबाई : आधी सांग, देव्हाऱ्यातला बाळकृष्ण कुठाय?

संजीव : आई! तू इथे कशी आलीस?

लताबाई : तुझ्या बायकोनं, रोझानं सोडलं. विषय बदलू नकोस. देव्हारा रिकामा, रविवारी सकाळी तू गायब, आणि इथे बघते तर समोर मेरीची मूर्ती. बाटलास ना?

संजीव : काहीतरीच काय! मी नुसता कोरतो. रोझाचे पणजोबा मिशनच्या चर्चसाठी अशा मूर्ती कोरायचे. मग हे काम बंदच पडलं. आता ते जुनं चर्च रिस्टोअर करतायत, म्हणून तिच्या बाबांनी पुन्हा सुरू केलं. त्यांचे हात थरथरतात, म्हणून मी.

लताबाई : तू? कॉम्प्युटर इंजिनिअर?

संजीव : त्यांनीच शिकवलं. छिन्नी कशी धरायची, तिथपासून.

लताबाई : आधी शिकवायचं, मग हळूच पाण्यात बुडवायचं. कळतं हो मला. बाळकृष्ण फेकायला लावला ना त्यांनी?

संजीव : अगं, तो काय खिडकीत! मीच आणलाय. जुन्या मूर्तीतलं बाळ वाळवीनं खाल्लं, नुसती आई उरली. नवीन बाळाचं पोट, पाय कोरायला मॉडेल नको?

लताबाई : इथे, भुशात ठेवलास?

संजीव : रोझाचे बाबा त्याला रोज ब्रशनं झाडतात. त्याच्यापुढे टोपी काढतात.

लताबाई : दाखवायला काढत असतील. आणि हे काय, बाळाच्या कमरेला?

संजीव : तोच तर घोळ झालाय! बाळकृष्णाचं बघून बघून करगोटा कोरला गेला. माझ्या लक्षातसुद्धा नाही आलं. बाबा भडकले, आमच्या बाळाला दोरी कशाला म्हणाले. त्यांना वाटतं, मीच गुपचूप त्यांचा देव बदलतोय.

लताबाई : अगंबाई! त्यांनाही संशय?

संजीव : उद्या फादर बघायला येणारेत. त्याआधी तासून टाक, नाहीतर पुन्हा छिन्नीला हात लावू नकोस म्हणाले.

लताबाई : बघू इकडे. ...तुझं पोट असंच होतं रे.

संजीव : मग? तासू?

लताबाई : तान्ह्याची कंबर मोकळी ठेवतोस? मी बोलते त्यांच्याशी. नजर लागू नये म्हणून असतो, सांगते.

संजीव : नाही पटलं तर?

लताबाई : त्यांनीही पोर वाढवलीय ना? बाळकृष्ण मात्र मी घरी नेणार.

संजीव : ने.

लताबाई : आणि ही गाठ तेवढी बारीक कर. टोचेल त्याला.