भैयाजी बदलले काय, हे मले काहून विचारता

मी जन्माची तुमसरची, ताई. बाप रेल्वेत गँगमन होता, आमी पोरी रुळाच्या बाजूच्या क्वार्टरात वाढलो, गाडी गेली का फळीवरचे भांडे वाजत. मंग लग्न झालं अन् इकडं रायपूरले आली. नवरा उरल्याच्या, म्हंजे इथल्या कारखान्याच्या भागातल्या, रोलिंग मिलमधी, सारी जिंदगी तापलेल्या लोखंडापाशी उभा राहिला, आता त्याले कमी ऐकू येते. तुमी जे विचारून राहिल्या ना, ते त्यालेबी लोकं विचारते, तो हव हव म्हनते अन् चालला जाते, त्याचं बरं हाये. मले ऐकू येते म्हून मले सांगा लागते.

सुशीलाबाई, तुमी तर त्याच्यासोबत होत्या, भैयाजी बदलले काय? भाजीवाली विचारते, पाऱ्यातल्या, म्हंजे मोहल्ल्यातल्या, बाया विचारते, एक पेपरवाला येऊन गेला त्यानंबी तेच विचारलं. माझा पोट्टा, त्याले मराठी समजते पन बोलते हिंदीत, तो म्हनते, मम्मी, एक बार बोल दो ना बदल गया कि नहीं, खतम करो. अरे बाप्पा, मानूस का कुकर हाये, शिट्टी झाली का शिजलं म्हून सांगू?

तर भैयाजी. शंकर नगरात त्याईचं घर, मी तिथं सैपाकाले होती, लय वर्षं. पहिले ते पार्षद, म्हंजे नगरसेवक होते, मंग विधायक, तुमचे आमदार, झाले, मंग हरले, पन उरल्याच्या मजुराईचे नेते मातर तेच. काय सांगू तुमाले, ज्याच्या गल्लीत त्याईनं नळ आनला तो पाय धरे, अन् ज्याची टपरी त्याईच्या मानसाईनं फोडली तो शिव्या दे. दोन्ही खरं. मी दोघाईले चहा पाजला हाये त्या घरी.

मंग ते गेटचं झालं. उरल्यात एका कारखान्यात हडताल होती, भैयाजी जीपवर उभे राहिले अन् माइकमधी म्हनाले, गिरा दो गेट. माझा नवरा तिथंच होता, त्यानं आपल्या कानानं ऐकलं, तवा त्याचे कान एवढे गेले नोते. लोकाईनं धक्का मारला, लोखंडाचं सरकतं गेट आपल्या रुळावरून उतरलं अन् बिसाहू त्याच्याखाली आला. बिसाहू म्हंजे आमच्या बाजूच्या घरचा, कौसल्याचा नवरा. गेट पडलं तवा भैयाजीची जीप मोडावरून वळलीबी होती.

जीव गेला तो गेला. पन दुसऱ्या दिवशी पेपरात काय आलं, का तो मानूस पिऊन होता, आपल्या मनानं गेटवर चढला. कंपनीबी तेच म्हने अन् भैयाजीबी तेच म्हनाले. ताई, बिसाहू कबीरपंथी होता, गळ्यात कंठी, दारू तर सोडाच, लग्नातल्या पंगतीत कोनी पिऊन बसला तर हा उठून दुसरीकडं बसे. अन् त्याच्या बायकोले लोकं बेवड्याची बायको म्हनाले लागले. तिच्या पोरीची सोयरीक झाली होती, ते लोकं परत फिरले, म्हने, पिनाऱ्याचं घर हाये. कौसल्या मले म्हने, दीदी, आदमी तो गे, अब ओकर नाव घलो ले गे. म्हंजे मानूस तर गेलाच, त्याचं नावबी घेऊन गेले.

ह्या दंग्यापायी भैयाजीले जिलाबदर केलं. जिलाबदर म्हंजे तुमचं तडीपार. वर्षभर रायपूरात अन् आजूबाजूच्या जिल्ह्यात पाय ठेवाचा नाही. भैयाजीले वाटलं महाराष्ट्रात जावं, जवळबी अन् राज्यबी दुसरं. भाभीजी, म्हंजे त्याईच्या घरच्या, म्हनाल्या, सुशीला, तेरा मायका तुमसर है ना, तू साथ चल, मैं आती जाती रहूँगी. म्हून तुमसरात त्याईनं घर किरायानं घेतलं, मी माझ्या भावाकडं राहो अन् सकाळ-संध्याकाळ तिथं सैपाकाले जाओ. इकडं त्याईच्या मानसाईनं पोस्टर लावले, भैयाजी वनवास को गए. मले हासू आलं. वनवासात कोनी सैपाकवाली घेऊन जाते काय?

पहिले पहिले लय तमतम. फोन आला का ओरडाचे, फोन नाही आला का जास्त ओरडाचे. वरनात मीठ कमी, पोळी जाड, माझ्यावर सारा राग. रायपूरहून गाड्या भरून लोकं येत, मंग गाड्या कमी झाल्या, मंग फक्त दिवाळीले आले, मंग कोनीच नाही. अन् मंग, काय सांगू तुमाले, हा मानूस सैपाकघरात येऊन बसाले लागला. पाटावर बसून मटार सोले. सोलता सोलता अर्धे खाये. पिशवी घेऊन बाजारात जाये. एक दिवस मी सोबत होती, ते टमाटे दाबून पाहून राहिले होते तर भाजीवाली खेकसली, ओ काका, दाबू नका, घ्याचे असन तर घ्या. मले वाटलं आता हिची पाटी उलटी होते. भैयाजीनं हात मागं घेतला अन् म्हनाले, गलती हो गई बाई. मी घरी येऊन भावाले सांगितलं, तो म्हने, रायपूरच्या बाजारात म्हनन काय तो असं? मी म्हनलं, तू कायले खोड काढतं.

एक दिवस दुपारी मी कनिक मळून राहिली होती. ते म्हनाले, सुशीला, वो गेट वाली बात मैंने ही बोली थी, वो आदमी पिया हुआ नहीं था. मी मळाची थांबली. डोळ्यात पानी होतं त्याईच्या, खोटं नाही सांगत, मी बाई हाये, खोटं रडनं मले समजते. म्हनाले, लौटूँगा तो सबसे पहले उसके घर जाऊँगा, सबके सामने बोलूँगा. मी म्हनलं, भैयाजी, हे मी कौसल्याले सांगू? ते म्हनाले, बोल दे.

अन् मी सांगितलं. पोळ्याच्या सनाले मी रायपूरले घरी आली, तिच्या अंगनात बसली अन् सांगितलं, भैयाजी येतीन, साऱ्यासमोर बोलतीन. ती उठून आत गेली अन् बिसाहूचा फोटो पदरानं पुसून आली.

वर्ष सरलं, भैयाजी रायपूरले आले. बाप रे, काय ते स्वागत, बाजे, फटाके, गुलाल, फुलाचे हार जेसीबीनं टाकले त्याईच्या अंगावर. उरल्यातूनच वरात निघाली. कौसल्यानं सकाळीच अंगन सारवलं, रांगोळीचा चौक पुरला, बिसाहूच्या फोटोले हार घातला, बाहेर खाट टाकली, खाटेवर धुतलेली चादर. पाऱ्यातल्या बायाईले तिनं सांगून ठेवलं होतं. आमी साऱ्या उभ्या. बाजा जवळ आला, जवळ आला, मंग दूर गेला. गल्लीच्या तोंडावरून गाडी निघून गेली. कौसल्या खाटेवरची चादर घडी करून राहिली होती तर तिच्या हातानं घडी बसत नोती.

मी दुसऱ्या दिवशी शंकर नगरात गेली अन् सरळ विचारलं. बैठकीत पाच-सात लोकं बसले होते, भैयाजी मले म्हनाले, हाँ हाँ, जाएँगे. मंग मी पुन्हा विचारलं. देख सुशीला, अभी चुनाव का माहौल है, वकील ने मना किया है. मंग पुन्हा. तर भाभीजीच बोलल्या, तू रोज रोज वही लेके मत बैठा कर. अन् गंमत सांगू? त्या घरी ते आपला चहाचा कप स्वतः धुवाले लागले होते. येनारे-जानारे पाहत अन् म्हनत, देखो, कितना बदल गए. माझा जीव जळे. कप धुता बापा, अन् कौसल्याचं ते?

शेवटी आले. पन कसे आले? मंडप टाकून, माइक लावून, कॅमेरेवाले घेऊन. कौसल्याले शाल अन् शिलाई मशीन. माइकमधी म्हनाले, हमारा भाई बिसाहू शहीद हुआ, उसका बलिदान बेकार नहीं जाएगा. टाळ्या. शाल खांद्यावर पडली अन् कौसल्या उभी राहिली, म्हनाली, भैया, मोर आदमी पिए रहिस का? बस एतका बता दे.

भैयाजीनं हात जोडले, म्हनाले, बहन, जो हुआ सो हुआ, अब आगे देखना है. अन् कोनीतरी माइक बंद केला.

मी मागं बायाईत उभी होती. मले काय झालं काय माहीत, मी गर्दीतून समोर गेली अन् म्हनली, भैयाजी, तुमसर में आपने मुझे बोला था, वो पिया हुआ नहीं था, गेट गिराने को आपने बोला था. माइक नोता, पन माझा आवाज काय कमी हाये? नवऱ्याशी बोलून बोलून मोठाच झाला हाये. भैयाजीनं माझ्याकडं पाहिलं. राग नोता त्याईच्या डोळ्यात, ताई, राग असता तर बरं झालं असतं. ओळखच नोती. मटार सोलनारा मानूस तिथं नोताच. त्याईच्या मानसानं, चल हट, म्हनत माझा दंड धरला अन् मले बाजूले केलं, तवा माझा नवरा खेकसला, हाथ छोड़. तेवढं त्याले बरोबर ऐकू आलं.

त्या दिवसापासून मी शंकर नगरात गेली नाही, अन् त्याईनंबी बोलावलं नाही. आता उरल्यातच एका मेसमधी पोळ्या लाटते. कौसल्याबी तिथंच हाये, ती भाजी पाहते. मशीन तिनं परत पाठवली, शाल मातर ठेवून घेतली, म्हने, थंडीत कामात येते. पेपरात आमचं दोघीचं कायच नाही आलं, भैयाजीचा हात जोडलेला फोटो आला. पन पाऱ्यात आता बिसाहूले कोनी बेवडा म्हनत नाही. पोरीले नवीन ठिकान पाहून राहिले हाये, अजून जमलं नाही.

अन् भैयाजीले तिकीट भेटून राहिलं म्हनतात. पुन्हा पोस्टर लागले. अन् पुन्हा सारे मलेच विचारते, बदलले काय. ताई, तुमसरात ते मानूस होते हे मी पाहिलं, ते खोटं मानाले माझं मन तयार नाही. पन तिथं त्याईले पाहनारं कोन होतं? मी अन् ती भाजीवाली. इथं आले, हार पडले, बस. आता ह्याले बदलनं म्हनाचं का नाही, ते तुमी शिकलेल्या हा, तुमीच लिहा. मी विचारून विचारून थकली.

वाईट मी कोनाचं चिंतत नाही. देव भैयाजीले लंबी उमर देवो. पन कौसल्याले त्याईच्यापरीस एक दिस जास्त देवो, म्हंजे ते हाये तवर त्याईले विचारनारं कोनीतरी राहीन.